पितळी डब्याची आशियायात्रा

नुसते जग पाहायला म्हणून निघालेल्या माणसाकडे मी नेहमी संशयाने पाहत आलो आहे. जगाने त्याचे असे काय उसने नेलेले असते की त्याने उठून जगाच्या दारात जाऊन उभे राहावे? म्हणून छत्तीस सालच्या फाल्गुनात मी कलकत्ता, रंगून, पेनांग, सिंगापूर, हाँगकाँग असे करीत थेट जपानातल्या कोबे बंदरापर्यंत गेलो, तो जग पाहायला गेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी किसनरावांच्या इंग्रजीसाठी गेलो. म्हणजे किसनरावांना इंग्रजी येत नाही, म्हणून.

किसनराव हे देऊळगाव राजाचे कापसाचे व्यापारी. त्यांच्या गाठी मुंबईला जात, मुंबईहून जपानला जात, आणि त्याच कापसाचे धोतर होऊन पुन्हा देऊळगावच्या बाजारात येई. "तीस साल झाले मास्तर, माल धाडून राह्यलो. आता तो जाते कुठं, हे तं एक डाव पाहू," असे ते मेहकरला माझ्या ओसरीवर बसून म्हणाले, आणि चहाच्या नादात मीही "पाहू" म्हणालो. मी तेव्हा शाळेतून नुकताच मोकळा झालो होतो. तीस वर्षे मुलांना इंग्रजी वाटले होते. त्यांनी ते घेतले नसल्यामुळे जवळजवळ सगळे माझ्याकडेच शिल्लक होते. शिवाय अकोल्याच्या एका साप्ताहिकात मी थट्टेचे लेख लिहीत असे. संपादकांना बातमी कळताच त्यांनी 'आशियातील आश्चर्ये' अशी लेखमाला जाहीर करून टाकली आणि मला पत्र धाडले की आश्चर्ये किमान सहा हवीत.

त्यातले पहिले मला जिल्ह्याबाहेर पाऊल टाकण्याआधीच भेटले. पासपोर्टाच्या छापील अर्जात एक रकाना होता: अर्जदार कोणाचा प्रजाजन आहे? मी अठ्ठावन्न वर्षे मेहकरात काढली, पण हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, आणि मीही तो स्वतःला विचारून उगाच त्रास दिला नव्हता. कचेरीतल्या कारकुनाने चष्मा नाकावरून कपाळावर नेला. वऱ्हाड कोणाचे? तर निजामसरकारचे. मग इंग्रज इथे काय करतात? तर त्यांनी ते कायमच्या पट्ट्याने घेतले आहे. मग नागपूरकर काय करतात? तर इंग्रजांनी वऱ्हाड नेऊन मध्यप्रांताच्या गोठ्यात बांधले आहे. म्हणजे मी मालकाचा, पट्टेदाराचा, की गोठ्याचा? कारकून सहानुभूतीने म्हणाला, "मास्तर, तुमी बैल असते तं मी आत्ताच लिहून देलं असतं."

आमचे शेजारी महादेवराव अर्जनवीस आहेत. म्हणजे दुसऱ्यांची गाऱ्हाणी ते सरकारी भाषेत लिहून देतात आणि स्वतःची वऱ्हाडीत सांगतात. त्यांनी सल्ला दिला की रकान्यात 'वरील सर्वांचा' असे लिहावे, म्हणजे कोणाला वाईट वाटायचे नाही. महादेवराव स्वतः खामगावच्या पुढे कधी गेलेले नाहीत, त्यामुळे परदेशाबद्दल त्यांच्या मनात कसलीही शंका नव्हती. सकाळी अनशापोटी समुद्राकडे पाहू नये, मेहकरच्या विहिरीचे पाणी बरोबर घ्यावे, आणि कुठलाही मनुष्य अंगावर आला तर त्याला तंबाखू दाखवावी, असे त्यांनी मला लिहून दिले. अर्ज वरच्या कचेरीत गेला. वरच्या कचेरीने मी जन्मल्याचा पुरावा मागितला. मी समक्ष उभा होतो, पण त्याला पुरावा म्हणत नाहीत. दोन महिन्यांनी पासपोर्ट आला. त्यावर मी 'ब्रिटिश संरक्षित इसम' असल्याचे लिहिले होते आणि खाली 'एका फेरीपुरता' असा शिक्का होता.

हा मजकूर मी घरात मोठ्याने वाचून दाखवला. सौभाग्यवती सत्यभामाबाई लाडू वळत होत्या. त्यांनी विचारले, संरक्षित म्हणजे काय? मी म्हणालो, म्हणजे परदेशात इंग्रजसरकार माझे रक्षण करणार.

"अन् माह्या डब्याचं?" त्या म्हणाल्या.

आता डब्याबद्दल सांगायला हवे, कारण ही हकीकत खरे तर त्याची आहे. मी त्याच्याबरोबर गेलो होतो इतकेच. पितळेचा, आतून कल्हई केलेला, वरच्या झाकणाला कडी असलेला असा तो उभट डबा. सत्यभामाबाईंच्या मामांनी लग्नात दिलेला. त्याच्या पोटावर ठिपक्याठिपक्यांनी कोरले आहे: 'चि. सौ. कां. सत्यभामा हीस, मामाकडून, शके १८१७.' आमच्या घरात प्रत्येक भांड्यावर असे कोणाचे तरी नाव आहे. माझे नाव फक्त पासपोर्टावर आहे. त्या डब्यात एकशे एक डिंकाचे लाडू भरले गेले आणि मला बजावण्यात आले.

"तुमी मागंपुढं झाले तं चालन," सत्यभामाबाई म्हणाल्या, "पन डबा राह्यला नाई पाह्यजे. तुमाले भांड्याची सवय नाई."

हे अगदी खरे होते. भांड्यांचा महकमा आमच्याकडे संपूर्णपणे बायकांच्या हातात आहे. शेजारच्या रुखमाबाईंच्या वाटीतून खीर आली तर वाटी रिकामी परत जात नाही. तिच्यात शेवया जातात. शेवयांची वाटी आपली नसेल तर ती तिथेच राहते, आपली असेल तर भरून येते. कोणाची वाटी कुठे आहे, तिच्यात काय गेले होते, आता काय यायचे आहे, हे कुठेही लिहिलेले नसते आणि कधीही चुकत नाही. पुरुषांना यातले एवढेच माहीत असते की भांडे रिकामे परत करायचे नाही. अर्धे ज्ञान घेऊन आम्ही दोघे पुरुष समुद्र ओलांडायला निघालो.

प्रवासाचे वर्णन मी थोडक्यात करतो, कारण पहिल्या चार दिवसांचे मला आठवत नाही आणि किसनरावांना आठवायचे नाही. रंगूनला बायका दुकानांच्या गादीवर बसून मनगटाएवढे चिरूट ओढीत होत्या आणि त्यांचे नवरे मागे लेकरे खेळवीत होते. किसनराव बराच वेळ पाहत उभे राहिले आणि मला हळूच म्हणाले की हे लिहायचे तर अकोल्यापुरते लिहा, देऊळगावला तो अंक येऊ देऊ नका. पेनांगला आम्ही एका नक्षीदार देवळात शिरलो, जोडे काढले, दंडवत घातला, प्रदक्षिणा केली. नंतर समजले की ते देऊळ नसून एका चिनी घराण्याच्या पूर्वजांच्या पाट्या ठेवण्याची जागा आहे. किसनरावांचे म्हणणे पडले की वडीलधारी माणसे कोणाची का असेनात, नमस्कार वाया जात नाही. सिंगापूरला एक म्हातारा दोन काड्यांनी एकेक शेंगदाणा उचलून खाताना पाहिला. त्यानंतर हाँगकाँगपर्यंत किसनराव जहाजाच्या डेकवर बसून कडुलिंबाच्या दोन दातणांनी फुटाणे उचलत होते. एकूण सात फुटाणे तोंडापर्यंत पोचले. बाकीचे समुद्राला मिळाले.

हाँगकाँगला मात्र घोटाळा झाला. तिथे ओळखीचा माणूस भेटला की नमस्काराऐवजी "जेवलात का?" असे विचारतात. जहाजावरच्या एका चिनी खलाशाने हे आम्हांला समजावून दिले, आणि रोज सकाळी तो किसनरावांना तसे विचारू लागला. हा प्रश्न मेहकरात, देऊळगावात, अवघ्या वऱ्हाडात विचारतात आणि त्याला उत्तर "हाव" असेच द्यायचे असते. पण परदेशात तरी खरे बोलावे म्हणून किसनराव "नाई" म्हणाले. चार दिवस तो बिचारा स्वतःच्या ताटातला भात त्यांना आणून देत होता. मी वहीत लिहिले: आश्चर्य तिसरे. मग खोडले. यात आश्चर्य कसले? महादेवरावांच्या घरी मी स्वतः असाच दोनदा जेवलो आहे.

कोबेला एका सिंधी पेढीचे मुनीम आम्हांला घ्यायला आले होते. किसनरावांचा कापूस घेणाऱ्यांशी त्यांचा व्यवहार होता आणि जपानी त्यांना घरच्यासारखी येत होती. त्यांनी आमची सोय ओताकी-सान नावाच्या एका विधवा बाईंच्या घरी केली. बाई साठीच्या, ठेंगण्या, बोलताना तोंडावर हात धरणाऱ्या. दोन माळ्यांचे लाकडी घर होते, आणि वरच्या माळ्यावर आम्ही.

त्या घरात माझ्या लेखमालेचे फार नुकसान झाले. मी आश्चर्यांसाठी तयारीने गेलो होतो आणि बाईंनी दारातच जोडे काढायला लावले. मग जमिनीवर बसवले. जमिनीवर जेवायला वाढले. ताटात भात आणि मुळ्याचे लोणचे. पाहुण्याने नको म्हणायचे आणि घरच्या बाईने आणखी वाढायचे, हाही नियम तिथे कोणीतरी आमच्या आधीच पोचवून ठेवला होता. रात्री अंथरूण जमिनीवर आणि सकाळी ते गुंडाळून कपाटात. एवढे पैसे खर्चून, महिनाभर पोट ढवळून घेऊन मी जिथे आलो होतो ते बरेचसे मेहकरच होते, फक्त स्वच्छ. आंघोळीला तर कमालच झाली. खोल लाकडी टाकीत ऊन पाणी भरलेले. मी सवयीप्रमाणे टाकीबाहेर बसून तांब्याने पाणी घेतले, अंग चोळले, आणि नंतर जरा शेक घ्यावा म्हणून आत बसलो. मुनीम म्हणाले की जपानी रीत तंतोतंत हीच आहे आणि बाई माझ्यावर खूश आहेत. किसनराव मात्र परदेशात आल्यासारखे वागले. ते साबण घेऊन थेट टाकीत उतरले. त्या दिवशी बाकीच्या घरादाराने आंघोळ केली नाही.

दुसऱ्या संध्याकाळी ओताकी-सान वर आल्या आणि लाखेचा एक काळा चकचकीत डबा आमच्यापुढे सरकवून, वाकून, निघून गेल्या. डबा चपटा होता, चार बोटे उंच. आत तांदळाच्या पिठाच्या पारीत साखरेचे पुरण भरलेले गोळे होते. किसनरावांनी एक तोंडात टाकला आणि डोळे मिटून म्हणाले, हा आपला मोदकच आहे, फक्त कळी पाडायची राहिली आहे.

आम्ही दोघांनी मिळून ते संपवले आणि रिकाम्या डब्याकडे पाहत बसलो. दोघांच्याही मनात एकच गोष्ट आली. भांडे रिकामे परत द्यायचे नाही. आमच्याकडे लाडू होते. पण महिनाभर समुद्राची हवा खाऊन ते लाडू असे झाले होते की एक खाली पडला तेव्हा खालच्या माळ्यावरचे लोक वर पाहायला आले. ते त्या चपट्या डब्यात मावेनात, झाकण लागेना. तेव्हा मी, माझ्या सुखी आयुष्यातली सर्वांत मोठी चूक करीत, लाखेच्या डब्यात चिमूटभर साखर घातली, पितळी डब्यात अकरा लाडू ठेवले, बाकीचे फडक्यात बांधले आणि दोन्ही डबे नेऊन बाईंपुढे ठेवले. मेहकरात याचा अर्थ एकच झाला असता: लाडू काढून घ्या, डबा द्या.

बाईंनी पितळी डबा दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावला. कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवले. इतक्या खाली वाकल्या की मला वाटले त्यांचे काही पडले आहे. आणि डबा आत गेला.

तिसऱ्या दिवशी डबा आला नाही. एक पंखा आला, रेशमी रुमालात बांधून. रुमाल रिकामा कसा परत द्यायचा? मी त्यात उडदाचे पापड बांधून दिले. ते भाजायचे असतात हे सांगायला शब्द नव्हते. दुसऱ्या दिवशी ते चहाच्या पेल्यांखाली ठेवलेले दिसले, आणि दिसत मात्र सुरेख होते. चौथ्या दिवशीही डबा आला नाही. एक कागदी छत्री आली. मी ज्वारीच्या पापडांसारख्या बिबड्या दिल्या. पाचव्या दिवशी खडावा आल्या. आमची शिदोरी झपाट्याने जपानी होत चालली होती, परतीचा महिनाभराचा प्रवास समोर होता, आणि ज्याची वाट पाहत होतो ते सोडून घरात सर्व काही येत होते.

"मास्तर, सरळ मांगून घ्या ना," किसनराव म्हणाले. मी त्यांना विचारले की त्यांनी जन्मात कधी कोणाकडून भांडे मागून आणले आहे काय. "थे तं आमच्या घरची, पुष्पाबाई, आनते," ते म्हणाले. कशी आणते, काय बोलून आणते? हे त्यांना माहीत नव्हते. मलाही नव्हते. आमच्या बायका शेजारी जातात, दहा मिनिटे हवापाण्याचे बोलतात आणि येताना त्यांच्या हातात वाटी असते. मध्ये काय होते ते आम्ही तीस-चाळीस वर्षांत कधी पाहिलेले नव्हते.

देण्याची पाळी आमची होती आणि माझ्याकडे देण्यासारखे उरले नव्हते. तेव्हा किसनरावांनी आपल्या ट्रंकेतून निळ्या कागदात गुंडाळलेला कापसाचा नमुना काढला. गिरणीवाल्यांना दाखवायला तो आणला होता. गिरणी आम्ही पाहून आलो होतो. तिथे फार मोठा आवाज होता, फार नम्र साहेब होते आणि त्यांनी नमुन्याकडे पाहिलेही नव्हते. त्यांच्याकडे सगळे आकड्यांनी चाले. किसनरावांनी तेव्हा तो पुन्हा निळ्या कागदात गुंडाळून ठेवला होता. तो कापूस त्यांनी खडावांच्या फडक्यात बांधून खाली नेऊन दिला. बाईंनी तो चिमटीत घेऊन ओढून पाहिला, तंतू उजेडात धरला, गालाला लावला, अगदी जशी देऊळगावच्या बाजारात पारखी माणसे पाहतात तशी, आणि मान हलवली. दोन दिवसांनी त्या कापसाची आत भर घालून शिवलेली एक बंडी वर आली. बाह्या कोपरापर्यंतच पोचत होत्या. किसनरावांनी ती घातली आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. तिकडूनच त्यांचा आवाज आला, "आपलाच हाय हो, मास्तर. ऊब ओळखू येते." त्यांचे जपानचे काम तिथे झाले. माझे व्हायचे होते.

त्याच दिवशी मला डबा दिसला. खालच्या बैठकीच्या खोलीत, आपल्याकडे देवघर असावे तशी भिंतीत एक उंच कोनाड्यासारखी जागा असते. घरातली सर्वांत मानाची वस्तू तिथे ठेवतात. तिथे आमचा डबा होता. घासून आरशासारखा केलेला, झाकण बाजूला ठेवलेले, आत गुलाबी फुलांची एकच डहाळी, आणि 'मामाकडून, शके १८१७' ही बाजू समोर. शेजारच्या तीन बायका त्याच्यापुढे गुडघे टेकून चहा पीत होत्या. मला पाहून त्या डब्याला वाकल्या आणि मग मला.

मी मुनिमांना गाठले. ते डोक्याला हात लावून बसले. त्यांचे म्हणणे असे की बाईंच्या समजुतीप्रमाणे आम्ही घराण्याची लेख कोरलेली वस्तू त्यांना भेट दिली आहे; म्हणूनच तिची परतफेड होईना आणि त्या रोज काहीतरी धाडत आहेत. आता ती परत मागितली तर त्यांना वाटेल की आपल्याच हातून काही आगळीक झाली. न मागितली तर ती त्यांची झाली. यावर त्यांच्याकडे उपाय नव्हता. सिंध्यांच्या घरी भांड्यांवर नावे घालतात, पण ती भांडी मुनिमाच्या हाती देत नाहीत. जहाज तिसऱ्या दिवशी सुटणार होते. मी अंथरुणावर पडून मेहकरची आमची माजघरातली फळी डोळ्यांपुढे आणली. दसऱ्याला त्या फळीवरची सगळी भांडी खाली येतात आणि मोजली जातात. एकशे एक लाडू गेले, आशिया खंड पाहून झाला, आणि फळीवर एक गोल डाग राहिला आहे. सत्यभामाबाई काही बोलणार नाहीत. त्या फक्त त्या डागाकडे पाहतील, दर दसऱ्याला, मी असेपर्यंत.

किसनरावांनी सुचवले की मुनिमांना मध्ये घेऊ नये, कारण पुरुष मध्ये आला की गोष्ट बिघडते. मग कोणाला घ्यावे? मी सकाळी उठलो, आंघोळ केली, डोक्याला फेटा बांधला आणि एकटाच खाली गेलो. माझे सगळे इंग्रजी निरुपयोगी होते. तेव्हा मी बाईंपुढे मांडी घालून बसलो आणि शेजारच्या रुखमाबाईंशी बोलावे तसे त्यांच्याशी बोललो.

"बाई," मी म्हणालो, "हा डबा माहा नाई. माह्या बायकोचा हाय. तिच्या मामानं तिले देला. म्या चुकून तुमाले देला. आता घरी गेलो तं थे मले इचारन."

'बायको' म्हणताना मी गळ्याशी मंगळसूत्राची खूण केली, मग कपाळावर कुंकवाची, मग डब्यावरच्या नावावर बोट ठेवले. 'इचारन' म्हणताना मी काहीच केले नाही. चेहरा आपोआप तसा झाला. ओताकी-सान माझ्याकडे पाहत राहिल्या. मग नावाकडे. मग माझ्या चेहऱ्याकडे. आणि तोंडावर हात धरून त्या जे हसू लागल्या ते थांबेनात. डोळे पुसून त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला आणि पुष्कळ काही बोलल्या. त्यातला एक शब्दही मला कळला नाही, पण सूर रुखमाबाईंचाच होता: हे पुरुष म्हणजे.

कळले, असे मी वर जाऊन सांगितले. पण दुपारी कोनाड्यात डबा नव्हता. त्याच्या जागी एक साधी बाटली होती आणि तीत फुलाची डहाळी. बाईही घरात नव्हत्या. दुसरा दिवस सगळा गेला. सायंकाळी बाई थकून आल्या, आमच्याकडे पाहून हसल्या, जेवण वाढले, आणि डब्याचे नाव नाही. सामान बांधताना किसनरावांनी माझी समजूत घातली की मोठ्या बाजारात कासार शोधू, तसाच डबा घेऊ, कलकत्त्याला नाव घालून घेऊ. मी त्यांना विचारले की शके १८१७ चे पोचे कुठून आणायचे. सत्यभामाबाईंना त्या डब्याचा एकेक पोचा पाठ आहे.

जहाज सुटताना कोबेत एक रीत आहे. प्रवासी वरून रंगीत कागदी फिती खाली सोडतात, आणि धक्क्यावरची माणसे त्यांची टोके धरतात. जहाज हलले की फिती ताणून तुटतात. किसनरावांना आधी वाटले की जहाज बांधून ठेवण्याचा हा एक प्रकार आहे. आम्हांला पोचवायला फक्त मुनीम आले होते. शिडी काढायला घेतली तेव्हा गर्दीतून तोकडी पावले टाकीत ओताकी-सान धावत येताना दिसल्या. हातात रेशमी रुमालाचे गाठोडे. मी शिडीवरून इतक्या वेगाने खाली उतरलो की एका खलाशाने मला धरायचा प्रयत्न केला. गाठोडे जड होते. मी हाताने चाचपले. कडी लागली. उभट. आमचाच.

गाठ सोडून पाहिली तर डबा काठोकाठ भरला होता, खारवलेल्या लालसर आंबट फळांनी. आणि पोटावर, मामाच्या ओळीखाली, तीन नवी अक्षरे कोरलेली होती. मुनिमांनी ती वाचली: ओताकी. आणि त्याखाली त्यांच्या राजाच्या कालगणनेचे अकरावे वर्ष. मी विचारले, हे काय? मुनीम बाईंशी बोलले आणि मला सांगू लागले. बाईंच्या देशात भांड्यावर नाव घालायची रीत नाही. पण ह्या डब्यावर त्यांनी पाहिले की देणाऱ्याचे नाव असते. आता देणाऱ्या त्या झाल्या होत्या. घंटांवर अक्षरे कोरणारा कारागीर शोधण्यात त्यांचे दोन दिवस गेले होते. माझ्या बायकोला कळायला हवे ना, डबा कोणाकडून आला.

मी वर गेलो आणि एक फीत खाली सोडली. ती त्यांनी धरली. बराच वेळ तुटली नाही.

मेहकरला मोटार पोचली तेव्हा वैशाख लागला होता. मला आधी कोणी काही विचारले नाही. सत्यभामाबाईंनी पिशवीतून डबा काढला, खाली ठेवला, भोवतीने फिरवला, पोचे मोजले. मग त्यांचे बोट त्या तीन अक्षरांवर थांबले. मी सगळे सांगितले. काही गाळले नाही, कारण गाळून काही उपयोग नसतो. रुखमाबाईही येऊन बसल्या होत्या. सत्यभामाबाईंनी एक फळ तोंडात घातले आणि आंबटपणाने डोळे बारीक केले.

"मीठ अंमळ जास्त झालं," त्या म्हणाल्या. "पन हात चांगला हाय बाईचा."

रुखमाबाईंनी शंका काढली की एका भांड्यावर दोन नावे झाली, आता भांडे कोणाचे? महादेवराव दारातून म्हणाले की असा मामला आपल्या प्रांताचाही आहे, आणि तो अजून मिटलेला नाही. सत्यभामाबाईंनी दोघांकडेही लक्ष दिले नाही. त्या झाकणाची कडी लावून उठल्या.

"कोनाचं का असेना. भरून आलं, आता रिकामं कसं ठेवू मी? कैऱ्या उतरल्या की लोनचं घालते. घेऊन जा तिच्यासाठी."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. पोस्टात चौकशी केली. तेलाचे लोणचे आणि पितळेचे भांडे परदेशी पार्सलात घेत नाहीत. किसनरावांना कळवले, तर त्यांचे उलट टपाली उत्तर आले की पुढच्या हंगामानंतर आपण जाऊच, बंडी आता मळली आहे आणि तशी दुसरी इकडे कोणी शिवत नाही. लेखमालेचे चार लेख झाले. उरलेली दोन आश्चर्ये संपादकांनी स्वतः लिहून माझ्या नावावर छापली आणि तीच लोकांना आवडली. आणि पासपोर्ट तर एका फेरीपुरताच होता.

तेव्हा लोणचे मुरायला घातले गेले त्या आठवड्यात मी पुन्हा कचेरीत जाऊन उभा राहिलो. तोच कारकून, तोच छापील अर्ज. त्याने मला ओळखले, बसायला दिले, चष्मा कपाळावर नेला, आणि लेखणी त्या रकान्यावर टेकवून थांबला.

"हं, मास्तर. ठरलं काय काही? प्रजा कोनाची?"

दोन महिने समुद्र ओलांडून, सहा बंदरे पाहून मला एवढे तरी नक्की कळले होते.

"लिहा," मी म्हणालो. "सत्यभामाबाईची."

तोही लग्न झालेला माणूस होता. त्याने दौतीत लेखणी बुडवली आणि पुढे स्वतःच्या मनाने लिहिले: संरक्षित.